थंड इंजिनाची टिकटिक

आमच्या गाडीला एक खोड लागली होती. सकाळी पहिल्यांदा चालू केली की टिकटिक करायची. गॅसचा लायटर कुणी घाईघाईने दाबत राहावा तसा आवाज. अ‍ॅक्सिलेटर दाबला की टिकटिक जलद, पाय उचलला की सावकाश. वस्तीवरून निघून कॅनॉलची पट्टी ओलांडून डांबरी रस्त्याला लागेपर्यंत ती माझी सोबत करायची आणि देवळाली प्रवरा आलं की गायब. मेकॅनिकच्या दारात उभी केली की इंजिन असं शहाण्यासारखं चालायचं की वेडी मीच ठरायचे.

मी नेवाशाच्या बाजूला एका शाळेत शिकवते. रोजचं जाणं-येणं गाडीने. गाडी जुनी आहे, पेट्रोलवरची आहे, माझी आहे आणि मीच चालवते. यातलं शेवटचं आमच्या ह्यांना फारसं पटत नाही. ह्यांचं नाव ज्ञानेश्वर, धंदा कृषी सेवा केंद्राचा, आणि ज्ञान मोबाईलवरच्या व्हिडिओंचं. "टॅपेट वाजत्यात," त्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं. टॅपेट म्हणजे काय, असं विचारल्यावर त्यांना गिऱ्हाईक आलं.

तेवढ्या आधारावर एका मेकॅनिकने टॅपेट सेट केले. दुसऱ्याने ऑइल बदललं, वर प्लगही बदलले. तिसरा म्हणाला, "मॅडम, आवाज इंजिनात न्हाई, तुमच्या डोक्यात हाय." त्याला मी काय सुनावलं ते इथे लिहीत नाही. वर्गातल्या पोरांना तेवढं कधी बोलले नाही. गाडी तशीच घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा टिकटिकली.

घरात सासूबाई एक वेगळीच तक्रार करत होत्या. "सवे, तुझ्या गाडीत धुराचा वास येतो. माझं डोकं धरतं." त्यांचं नाव बनुबाई. वय झालंय, पण नाक शाबूत आहे. आम्ही दोघांनी ते मनावर घेतलं नाही, कारण सासूबाईंचं डोकं एसटीत धरतं, लग्नाच्या मांडवात धरतं आणि मी मोठ्याने बोलले तरी धरतं.

खरं तर एवढ्या मेकॅनिकांकडे फिरायची गरज नव्हती, मेकॅनिक घरातच होता. म्हणजे, असायला हवा होता. माझा धाकटा दीर गोरक्ष. राहुरी फॅक्टरीवर, नगर-मनमाड रस्त्याला त्याचं गॅरेज आहे. आमच्या वस्तीपासून ते काही लांब नाही. पण गोरक्ष आमच्या घरी येत नाही, आणि का येत नाही ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

गोरक्षने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं. मुलगी रुपाली. शिकलेली, कामाची, तोंडाने गोड. फक्त आपल्यातली नाही. लग्न नोंदवून दोघं घरी आले तेव्हा सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. तोंडावर काही बोलल्या नाहीत. रुपाली स्वतःहून आत गेली, माठातून पाणी घेतलं आणि त्यांच्यापुढे ग्लास धरला. सासूबाई म्हणाल्या, "तहान न्हाई मला." इथपर्यंत ठीक होतं. पण थोड्या वेळाने त्या उठल्या, माठापाशी गेल्या आणि आपल्या हाताने पाणी घेऊन घटाघटा प्यायल्या. ओट्यावरून ते सगळ्यांना दिसत होतं. रुपाली हातातला ग्लास घेऊन तशीच उभी होती. तिचा चेहरा मला अजून आठवतो आणि आठवला की सासूबाईंचा राग येतो.

गोरक्ष आरडाओरडा करणारा नाही. तो एवढंच म्हणाला, "जिच्या हातचं पानी या घरात चालत न्हाई, तिचा नवरा या घरचं पानी कसा पिईल?" आणि दोघं निघून गेले. तेव्हापासून त्याने आमच्याकडचा पाण्याचा थेंब तोंडात घातलेला नाही. ह्यांना डेंग्यू झाला तेव्हा दवाखान्यात रात्रंदिवस बसला, पण मी घरून नेलेल्या बाटलीला हात लावला नाही. खाली जाऊन नळाचं पाणी पिऊन यायचा. घरी तर पाऊलच नाही. येणाऱ्याला आधी पाणी द्यायचं ही आपली रीत. पाणी नाकारायला यायचं, त्यापेक्षा न आलेलं बरं, असा त्याचा हिशोब असावा.

सासूबाई त्याचं नाव काढत नव्हत्या. मी शाळेतून आले की मात्र विचारायच्या, "फॅक्टरीच्या रस्त्यानं आलीस का?" हो म्हटलं की, "गर्दी हुती का?" मी सांगायचे, "होती. एक ट्रक उभा होता, दोन जीपगाड्या होत्या. चांगलं चाललंय." मग त्या जेवताना अर्धी भाकरी जास्त खायच्या. एवढं कळतंय तर एकदा तोंड उघडून चूक झाली म्हणायला काय होतं, हे मला कधी समजलं नाही. मी असते तर केव्हाच म्हटलं असतं. असं मला वाटतं तरी.

मी गोरक्षकडे चहाला थांबते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. तर एका शनिवारी मी त्याच्या गॅरेजवर गाडी उभी केली आणि टिकटिक सांगितली. त्याने बॉनेट उघडून ऐकलं. इंजिन अर्थातच शहाणं झालं होतं.

"कधी वाजतं?"

"सकाळी. पहिल्यांदा चालू केली की."

"आनि गरम झाली की जातं?"

"जातं."

त्याने बॉनेट लावलं. "मग आत्ता ऐकून काय उपेग न्हाई, वहिनी. रातभर उभी राहून गार झालेलं इंजिन पायजे. सकाळी चावी लावायच्या आधी मी तिथं पायजे."

मी आवाजाचं रेकॉर्डिंग करून आणलं होतं, तेही त्याने कानाला लावून ऐकलं. "यात तुमच्या कोंबड्याच जास्ती ऐकू येत्यात," म्हणाला.

आता गंमत अशी, की गाडी रात्रभर त्याच्या गॅरेजवर ठेवता आली असती. मी एसटीने घरी गेले असते, सकाळी तिथेच त्याने चालू करून ऐकली असती. हे त्यालाही कळत होतं आणि मलाही. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो पान्हा पुसत राहिला. काउंटरमागे रुपाली बसली होती. गॅरेजचं सामान, फोन, गिऱ्हाइकं सगळं तीच बघते. तिने मान वर केली, दोघांकडे बघितलं आणि मान पुन्हा खाली घातली.

"उद्या रविवार हाय," शेवटी गोरक्ष म्हणाला. "येतो सकाळी. दादाला म्हणावं, चावीला हात लावू नको."

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा सासूबाई मेथी निवडत होत्या, जुडी त्यांच्या हातात तशीच राहिली. "घरी येतो म्हनला?"

"गाडी ऐकायला येतोय, आत्याबाई."

"मी कुठं काय म्हनली." जुडी पुन्हा हलायला लागली. पण थोड्या वेळाने त्या डब्यांच्या फळीपाशी उभ्या राहून गुळाचे खडे फोडताना मला दिसल्या. आल्या-गेल्याला गूळ-पाणी द्यायची त्यांची जुनी सवय. मला भीती वाटली. हा पोरगा गाडीसाठी येणार, या गूळ फोडून बसणार, आणि मधे मी.

गोरक्ष उजाडताच आला. अंगणात मोटारसायकल लावली, गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवला. "गार हाय," म्हणाला आणि समाधानाने मान हलवली. घराकडे त्याने बघितलं नाही. ह्यांनी पुढे होऊन विचारलं, "टॅपेटच ना?"

"बघू की दादा." त्याने पिशवीतून रबरी नळीचा तुकडा काढला, बॉनेट उघडलं आणि मला म्हणाला, "मारा स्टार्टर."

गाडी चालू झाली आणि माझी लाज राखत पहिल्याच झटक्याला टिकटिकायला लागली. इतका आनंद मला त्या आवाजाने कधी झाला नव्हता. गोरक्षने नळीचं एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावर फिरवलं. वरच्या झाकणावर, मग प्लगपाशी, मग खाली वाकून मागच्या बाजूला. तिथे थांबला. डोळे मिटले.

"दादा, टॅपेट न्हाईत."

आमचे हे गाईला चारा टाकायला गेले.

"वहिनी, एक फडकं घ्या आनि सायलेन्सरच्या तोंडावर दाबून धरा. हात भाजनार न्हाई, आजून गार हाय." मी तसं केलं. धूर अडला तशी पुढे टिकटिक मोठी झाली, मलाही मागे बसून ऐकू आली. "सोडा. पुन्हा धरा." पुन्हा मोठी झाली. गोरक्षचा चेहरा उजळला. त्याला काहीतरी सापडलं की तो असा लहान दिसतो.

"धूर कुठनंतरी फुटतोय. कुठनं ते बघायचंय." त्याने खिशातून शाम्पूची पुडी काढली, फवारायच्या रिकाम्या बाटलीत पिळली आणि मान इंजिनातच ठेवून हाक दिली, "पानी आना. लवकर, तापायच्या आत."

त्याने हाक मला दिली होती. मी फडकं टाकून उठले, पण माझ्याआधी दार वाजलं. सासूबाई बहुतेक पहाटेपासून दारामागे होत्या. एका हातात तांब्या, त्यावर उपडा ग्लास, दुसऱ्या हातात ताटली आणि ताटलीत गुळाचे खडे. त्या जवळजवळ धावत आल्या. एवढ्या वर्षांत त्यांना असं चालताना मी बघितलं नव्हतं.

"घे बाबा," त्या म्हणाल्या.

गोरक्षने मान वर केली. एका हातात बाटली, समोर आई. त्याने तांब्याकडे बघितलं, मग गुळाकडे. इंजिन चालूच होतं आणि टिकटिक आता जराशी बारीक व्हायला लागली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर ती गेली असती, आणि पुढच्या सकाळपर्यंत परतली नसती.

त्याने तांब्या घेतला. ग्लास काढून ताटलीत ठेवला. आणि पाणी बाटलीत ओतलं, अगदी सांभाळून, थेंब न सांडता. बाटली हलवली, इंजिनाच्या मागच्या बाजूला, जिथून धुराचा जाड पाइप निघतो तिथल्या सांध्यावर फवारली. "वहिनी, इकडं बघा."

मी बघितलं. सांध्याच्या एका कोपऱ्यात फेसाचा बुडबुडा फुगत होता आणि फुटत होता, प्रत्येक टिकटिकीला एक. आजूबाजूला काजळीचा काळा डाग होता. "सांध्यामधली पट्टी, गास्किट, गेलंय आनि एक बोल्ट तुटलाय. गार असताना फट राहती, तिथनं धूर फट्‌फट्‌ बाहेर येतो. तापलं की लोखंड फुगतं, फट बुजती, आवाज बंद. म्हनून कुनाला घावला न्हाई." तो बोलत असतानाच बुडबुडे कमी झाले, थांबले, आणि टिकटिक गेली.

"धुराचा वास येत आसंल गाडीत?" त्याने विचारलं.

"येतो," सासूबाई म्हणाल्या. "मी कवाधरनं सांगती हाय."

त्या ताटली धरून तिथेच उभ्या होत्या. गोरक्षने तांब्या परत त्यांच्या हातात दिला. "आई, काच उघडी ठेवून बसत जा," एवढं म्हणाला आणि अवजारं पिशवीत भरायला लागला. त्याने मुद्दाम केलं की आवाज जाईल म्हणून केलं, ते मला कळलं नाही. पण मला दोघांचाही राग आला. एकाने एक घोट घेतला असता तर काय बिघडलं असतं, आणि दुसरीला अजून कळत नव्हतं की पाणी कुणाच्या हातचं घ्यायचं ते. मी गाडी बंद केली.

बोल्टचा तुकडा आत अडकला होता. तो काढायला गाडी गॅरेजवर न्यावी लागणार होती. "मी पुढं होतो, तुमी मागनं आना," म्हणत गोरक्ष मोटारसायकलवर बसला आणि निघाला. धूळ खाली बसेपर्यंत सासूबाई बघत राहिल्या. मग आत गेल्या.

मी चावी शोधेपर्यंत त्या बाहेर आल्या. लुगडं बदललं होतं. पायात चपला. त्यांनी गाडीचं पुढचं दार उघडलं आणि बसल्या.

"कुठं, आत्याबाई?"

"गाडी दाखवायला."

"गाडी तर त्याने आत्ता बघितली."

"तू चालव," त्या म्हणाल्या आणि काच खाली केली.

रस्त्यात उसाच्या ट्रॉल्यांमागे हळूहळू जावं लागलं. मीही मुद्दाम घाई केली नाही, कारण मधेच त्यांचं मन फिरलं तर परत वळता आलं पाहिजे असं मला वाटत होतं. त्यांचं मन फिरू नये असंही वाटत होतं. फॅक्टरीचं वळण आलं तेव्हा त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि विचारलं, "ती आसंल का तिथं?"

"ती रोजच असते."

गॅरेजवर दोन गिऱ्हाइकं होती. एक जीपवाला रेडिएटरमध्ये पाणी ओतत होता. आमच्याकडच्या गॅरेजवर दिवसभर पाणीच मागतात लोक. कुणाची गाडी तापलेली, कुणाला काच धुवायची. गोरक्षने आमच्या गाडीकडे बघितलं, पुढच्या सीटवर कोण आहे ते बघितलं, आणि हातातला पान्हा खाली ठेवायचं विसरला. जवळ आला नाही. जिथे होता तिथेच उभा राहिला.

सासूबाई स्वतःच उतरल्या. काउंटरसमोर गिऱ्हाइकांसाठी बाकडं आहे, त्यावर जाऊन बसल्या. रुपाली उठून उभी राहिली. तिने ओढणी सारखी केली, पण पुढे येऊन पाया पडली नाही. का पडावं तिने? मी तिच्या जागी असते तर उठलेही नसते.

जीपवाल्यालाही काहीतरी जाणवलं असावं. तो डबा हातात धरून बघत राहिला.

"पानी मिळंल का?" सासूबाई म्हणाल्या.

रुपालीने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "गाडीला का?"

तिने सवयीने विचारलं की टोचून, ते मला आजही सांगता येणार नाही. मी तिला कधी विचारलं नाही. दोन्हीचा तिला हक्क होता. पण सासूबाईंना असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं आणि त्या ऐकून घेतील असंही मला वाटत नव्हतं. त्या उठून गाडीत जाऊन बसतील, मग हे नातं कायमचं तुटलं, असं मनात आलं.

सासूबाई उठल्या नाहीत. पदर मागे सारला. सगळा चेहरा दिसू दिला.

"न्हाई बाई. मला. लई तहान लागलीया."

रुपाली आत गेली. गॅरेजच्या मागेच त्यांची खोली आहे. स्टीलचा ग्लास भरून घेऊन आली आणि समोर धरला. पाणी काठावरून तिच्या बोटांवर सांडलं. सासूबाईंनी दोन्ही हातांनी ग्लास घेतला. त्या वरून ओतून पितात नेहमी. आज ग्लासाला ओठ लावून प्यायल्या, जीपवाल्यासमोर, माझ्यासमोर, पोटच्या पोरासमोर. सगळं संपवलं आणि ग्लास तिच्यापुढे धरला.

"अजून दे."

रुपालीने ग्लास घेतला आणि आत गेली. ती लवकर बाहेर आली नाही. मोरीतला नळ चालू असल्याचा आवाज येत होता आणि त्याखाली तिचं रडणं ऐकू येत होतं. गोरक्ष आत जायला निघाला. सासूबाईंनी हाताने त्याला थांबवलं.

"येऊ दे तिला सावकाश," त्या म्हणाल्या. "मी बसते."